पुसायची ओळ

हर्णैच्या शाळेत कॉम्प्युटर सहा, चालू चार,
त्यातल्या एकाचा माउस खाऱ्या हवेनं धरलेला.
मी विट्याची. समुद्र मला अजून
सहलीत बघायची वस्तू वाटतो.

नववी ब. आज लूप.
फळ्यावर लिहिलं, एक्स म्हणजे शून्य.
मग परत परत: गोल काढ, एक्समध्ये एक मिळव.
म्हटलं, बघा आता, चालायला लागेल.

चाललं नाही.
आफरीन होडेकरच्या स्क्रीनवर
गोलाला गोल चिकटत गेला,
या कडेपासून त्या कडेपर्यंत
कुणी लाल पडवळ आडवं ठेवावं तसा.
"बाई, हा चालत नाय. हा वाढतोय."

खरंच. पुसायची ओळ मीच विसरले होते.
लूपच्या आत, अगदी पहिली:
सगळं पुस. मग काढ. मग एक मिळव.
दर फेरीला आधीचा गोल जातो,
नवा केसभर पुढे उमटतो,
आणि डोळा म्हणतो, तो बघा, निघाला.

आफरीननं ओळ घातली. गोल सुटला.
ती जरा वेळ बघत राहिली.
"म्हणजे हा तोच नाय. दर टायमाला दुसराच हाय."
मी म्हटलं, हो.
मग म्हटलं, म्हणजे, तसं बघितलं तर.
मग हजेरीपट उघडला, उगाच.

तोवर गोल कडेला पोचून पलीकडे गेलेला.
लूपला कड ठाऊक नसते.
स्क्रीन कोरी, आणि आत एक्स वाढतोय,
नऊशे, हजार, बाराशे,
कुणाला न दिसता.
'जर' हा शब्द उद्याच्या धड्यात होता.

मागे लौकिक चोगले, पाजपंढरीचा.
चौकोनावर त्रिकोण ठेवून त्यानं होडी केली होती.
ती जायची सरळ, इस्त्री फिरवल्यासारखी.
"पाणी नाय धरलंत बाई तुम्ही."
मग त्याला वाय दिला:
एकदा दोन वर, एकदा दोन खाली.
होडी अशी खडखडली की वर्ग ओरडला, दापोली एसटी!
लौकिक हसला नाही.

गुरुवारी तो वही घेऊन आला.
सकाळी लिलावाआधी बंदरावर बसून
नांगरलेल्या होड्यांचे आकडे उतरवलेले,
पानाला माशाचा एक खवला चिकटलेला:
शून्य, एक, तीन, चार, चार, तीन, एक, शून्य.
खाली तेच, वजा लावून.
"वर गेली की जरा थांबते बाई.
लगेच नाय पडत. मधे पळते, टोकाला दमते."

याला अकरावीत एक नाव आहे,
ते माझ्या ओठावर आलं होतं. तिथंच ठेवलं.
यादी लूपमध्ये घातली. एंटर त्यानं मारला.

कुणी ओरडलं नाही.
आफरीन बाकावर बसल्या बसल्या किंचित डोलली,
तिला ते कळलं नसावं.
चौकोन चौकोनच होता, त्रिकोण त्रिकोणच,
पण खाली पाणी होतं,
जे कुणीही काढलं नव्हतं.

तीनला वीज गेली. होडी तेव्हा वर होती,
चारवर.

संध्याकाळी कोलंबी घ्यायला बंदरावर गेले.
बैलगाड्या पोटभर पाण्यात उभ्या,
बोली चढत होती, कुणी भाव ऐकून पाठ फिरवत होतं,
पलीकडे सुवर्णदुर्ग, एक पिक्सेलही न हलता.
मी एक निळी होडी धरली आणि मोजू लागले.
एक, तीन, चार.
चार. थांबली. खरंच थांबते.
तीन, एक, शून्य, पुन्हा शेपटीपासून,
मला जमायला लागलं होतं,
इतक्यात मागून मोठा ट्रॉलर गेला
आणि होडी एकदम सहावर.

सहा त्याच्या यादीत नाही.
उद्या सांगायला हवं.
कोलंबीवाली दोनदा हाक मारून गेली म्हणे.